कोण होता एपिक्टेटस? १९०० वर्षांपूर्वीचा गुलाम आणि आजची सीबीटी

इसवी सन ५०च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसमध्ये एपिक्टेटसचा जन्म झाला. या नावाचा अर्थच 'मिळवलेला', कारण तो गुलाम होता. रोममध्ये सम्राट नीरोच्या पदरी असलेल्या एपाफ्रोडायटसकडे तो राबला. पाय अधू होता. तरीही मुसोनियस रुफसकडे तो स्टोइक तत्त्वज्ञान शिकला.

पुढे गुलामगिरीतून सुटका झाली, पण सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांनाच रोमबाहेर काढलं. मग त्याने ग्रीसमधल्या निकोपोलिसमध्ये शाळा काढली. स्वतः काहीच लिहिलं नाही. शिष्य एरियनने त्याची शिकवण लिहून ठेवली.

ती शिकवण काय होती? घडणारं सगळं आपल्या हातात नसतं, त्याचा आपण लावलेला अर्थ मात्र तपासता येतो.

१९५५ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी याच विचारातून उपचारपद्धती मांडली. १९६०च्या दशकात एरन बेक यांनी सीबीटीचा पाया घातला.

मेसेज वाचूनही कुणी उत्तर दिलं नाही, की मन ठरवतं, आपण नकोसे झालोय. सीबीटीत हा विचार कागदावर उतरवतात, त्याचे पुरावे शोधतात, दुसरं कारण असू शकतं का ते पाहतात. चिंता आणि नैराश्यावर आज ही पद्धत प्रशिक्षित तज्ज्ञांकडून वापरली जाते.