जॉन मोझेस ब्राउनिंग

जगांत कांहीं यंत्रें अशीं आहेत कीं, त्यांस चालविण्यापेक्षां आवरण्यासच अधिक बुद्धि खर्चावी लागते. पिस्तूल हें त्यांपैकीं एक होय. तें घडविणाऱ्या एका विख्यात कारागिराचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहोंत.

जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजीं अमेरिकेंतील यूटा प्रांतांत ऑग्डेन गांवीं झाला. वडील बंदुका घडवीत. त्यामुळें बालपण त्यांच्या कारखान्यांतच गेलें. शालेय शिक्षण बेताचेंच झालें. तथापि १८७९ सालीं त्यांनीं एकबारी रायफलीचें पेटंट मिळविलें, आणि १८८३ पासून विंचेस्टर कंपनी त्यांचे नमुने विकत घेऊं लागली. उद्योग असा भरभराटीस आला असतां, १८८७ मध्यें ते सर्व सोडून आपल्या मॉर्मन पंथाच्या प्रचारार्थ दोन वर्षें जॉर्जिया प्रांतीं गेले, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृति म्हणजे १९११ सालचें सैनिकी पिस्तूल. यांत बार उडतांच त्याच्याच धक्क्यानें वरचा भाग मागें सरकतो, रिकामें काडतूस बाहेर पडतें, ठोका देणारा घोडा पुन्हां चढतो व नवें काडतूस नळींत येतें. सोय मोठी, पण धोकाही तितकाच. कारण बारानंतर घोडा चढलेलाच राहतो. एका हातीं लगाम असलेल्या स्वारानें तो दुसऱ्या हातानें सांभाळून उतरवावा कसा? म्हणून घोडदळानें आंगठ्याच्या खटक्याचा आग्रह धरला, व ब्राउनिंग यांनीं तो बसविला.

या घोड्याच्या तीन स्थिति आहेत. तो पूर्ण उतरलेला असतां चाप ओढूनही बार होत नाहीं. पूर्ण चढलेला असतां अल्प दाबानेंही होतो. मात्र खटका वर केला कीं घोडा जखडला जातो. मधली खाच आहे ती आंगठ्याखालून घोडा निसटल्यास त्यास अडविण्यासाठीं. तिच्या भरंवशावर पिस्तूल बाळगणें शहाणपणाचें नव्हे. शिवाय मुठीमागील पट्टी हातानें दाबल्यावांचून चाप हलतच नाहीं. मार्च १९११ च्या परीक्षेंत या पिस्तुलानें ६००० बार न अडखळतां उडविले, आणि १९८५ पर्यंत अमेरिकन सैन्याचें तेंच मुख्य पिस्तूल होतें.

बेल्जियममधील एर्स्टालच्या कारखान्यासाठीं त्यांनीं १९१० सालचें एक लहान पिस्तूलही योजिलें होतें. त्यांत तीन बंदोबस्त होते : आंगठ्याचा खटका, मुठीची पट्टी, आणि काडतुसांची पेटी काढल्यावर बार होऊं न देणारी कळ. त्याच जातीच्या पिस्तुलानें २८ जून १९१४ रोजीं साराजेव्हो येथें गाव्रिलो प्रिन्सिप यानें ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड व त्यांची पत्नी सोफी यांचा प्राण घेतला, आणि थोड्याच आठवड्यांत महायुद्धाचा वणवा पेटला. हातून चुकून घडणारें या कळा टाळूं शकत. ठरवून केलेलें टाळणें त्यांच्या शक्तीबाहेरचें होतें.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजीं एर्स्टालच्या कारखान्यांतच हृदयविकारानें ब्राउनिंग यांचें देहावसान झालें. त्यांच्या नांवें १२८ पेटंटें होतीं. पिस्तुलास खटका कारागीर बसवितो. क्रोधास खटका ज्याचा त्यानेंच बसवावा लागतो, आणि तो विद्यार्थिदशेंतच बसवावा, एवढीच आमची बालवाचकांस व त्यांच्या पालकांस विनंति आहे.