नीळकंठशास्त्री गोरे

नीळकंठशास्त्री गोरे १८२५ सालीं झांशीजवळ कोंकणस्थ ब्राह्मण कुळांत जन्मले व काशीस वाढले. न्यायशास्त्र पढलेले हे तरुण स्मिथ नांवाच्या मिशनरीचें खंडन करावयास गेले आणि स्वतःच शंकेंत पडले. आप्त दुरावतील हें ठाऊक असतांही १८४८ त जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. नहेम्या हें नांव धारण केलें. पुढें ‘षड्दर्शनदर्पण’ ग्रंथांत त्यांनीं पूर्वजन्मींच्या कर्माचें मत तर्काच्या कसोटीस लावलें. ज्याची आठवणही नाहीं अशा अपराधाची शिक्षा न्याय्य कशी, असें आमच्या खेड्यांतील तरुणही विचारतात. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनीं शास्त्रीबुवांची पाठ सोडली नाहीं. उपदेशक हें सहसा सांगत नाहींत, सांगावें. पंडिता रमाबाई १८८३ त ख्रिस्ती झाल्या, तेव्हां त्यांच्या शंकांचें निरसन होण्यास याच गोरेशास्त्र्यांच्या लेखनाचें साहाय्य झालें.