नांगरावरचा हात : डॉ. जेम्स नेस्मिथ यांचें चरित्र

नांगरतांना मागें पाहूं नये, हें आपल्या गांवोगांवच्या बंधुजनांस कोणीं समजावून सांगावयास नको. बैल पुढें चालत असतां नांगरणाऱ्याची मान मागें वळली कीं तास वांकडें गेलेंच म्हणून समजावें. आपल्या प्रभूनेंही आपल्यामागें येऊं इच्छिणाऱ्या एका मनुष्यास हाच दाखला दिला होता. प्रस्तुत चरित्राच्या नायकास हा दाखला म्हातारपणींही विसरला नाहीं; कारण त्यांच्या सख्ख्या बहिणीनेंच तो त्यांस लावून दाखविला होता. त्या गृहस्थांचें नांव डॉ. जेम्स नेस्मिथ. आज देशोदेशींच्या शाळाकॉलेजांतून जो बास्केटबॉल खेळतात, त्याचे जनक हेच. त्यांनीं नांगर सोडला, कीं तोच नांगर दुसऱ्या शेतांत नेऊन धरला, हें वाचकांनीं त्यांचें चरित्र ऐकून ठरवावें.

जेम्सचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजीं कॅनडा देशांतील ऑन्टेरिओ प्रांतांत, आल्मॉन्ट नांवाच्या गांवाजवळ झाला. घराणें मूळचें स्कॉटलंडचें. १८७० सालीं विषमज्वरानें आईबाप दोघेही निवर्तले, आणि जेम्स, त्याची बहीण ॲनी व भाऊ रॉबी हीं तीन लेंकरें पोरकीं झालीं. प्रथम आजीनें व नंतर मामानें त्यांचा सांभाळ केला. मामाचें घर शेतकऱ्याचें. तेथें काम आधीं व खेळ मागून. लोहाराच्या दुकानाजवळ गांवचीं मुलें एक खेळ खेळत. मोठ्या धोंड्यावर एक लहान दगड ठेवावयाचा आणि दुरून दुसरा दगड मारून तो खालीं पाडावयाचा. आपल्याकडील लगोरीची आठवण व्हावी असाच तो खेळ. जोरानें सरळ मारलेला दगड नेम चुकला कीं लांब जाऊन पडे, आणि तो आणावयास धांवतांना मारणारा सांपडे; पण हलक्या हातानें उंच उडविलेला दगड नेमका ठिकाणीं येऊन पडे. ही क्षुल्लक गोष्ट पुढें त्याच्या फार उपयोगीं पडावयाची होती.

अभ्यासांत जेम्सचें मन रमेना. पंधराव्या वर्षीं त्यानें शाळा सोडली व रानांत लांकूडतोडीच्या कामास लागला. कांहीं वर्षें असें गेल्यावर त्याचे डोळे उघडले. वयानें वाढलेला हा गडी पुन्हां शाळेच्या बांकावर येऊन बसला, हें त्याच्या पुढच्या सर्व आयुष्याचें मूळ होय. १८८३ सालीं तो मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठांत गेला. तेथें पदवी मिळवून त्यानें प्रेस्बिटेरियन कॉलेजांत ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला आणि १८९० सालीं तो पुरा झाला. बहिणीची मोठी आशा होती कीं, आतां आपला भाऊ एखाद्या मंडळीचा पाळक होईल.

परंतु ह्या विद्यार्थ्यास मैदानाचीही ओढ होती. फुटबॉलच्या धसमुसळ्या खेळांत तो पुढें असे. ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यास हें शोभत नाहीं असें सोबत्यांस वाटे, आणि कित्येक तर त्याच्यासाठीं प्रार्थना करीत. एकदां आदल्या दिवशींच्या खेळांत मार लागल्यामुळें दोन्ही डोळे काळेनिळे झाले असतां तो तसाच उपदेश करावयास उभा राहिला! एके दिवशीं खेळ अगदीं रंगांत आला असतां शेजारच्या गड्याच्या तोंडून शिवी निघून गेली. लागलीच त्यानें वळून, जेम्स जवळ आहे हें आपण विसरलों, असें म्हणून क्षमा मागितली. जेम्सनें त्यास कधीं बोल लाविला नव्हता. तो केवळ त्यांच्यामध्यें खेळत असे, इतकेंच. तेव्हां त्याच्या मनांत आलें कीं, जे तरुण मंदिरांत येत नाहींत त्यांच्यापर्यंत पोहोंचण्याची एक वाट मैदानावरूनही जाते.

ह्या विचारानें जेम्स नेस्मिथ १८९० सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतीं स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणशाळेंत दाखल झाले. ॲनीस हें मुळींच रुचलें नाहीं. आईबापांवांचून वाढलेल्या भावानें एवढें शिकावें आणि उपदेशपीठ सोडून व्यायामशाळेंत उड्या मारीत राहावें, हें तिला देवाच्या पाचारणाकडे पाठ फिरविण्यासारखें वाटलें. वाचकहो, तिला हंसूं नका. आपणांपैकीं किती आईबाप व किती वडीलधारे असेच म्हणाले असते!

१८९१ च्या हिवाळ्यांत शाळेंतील अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग फार कुरकुरूं लागला. बाहेर बर्फ पडलेलें. मैदानी खेळ बंद. आंत रोज तीच ती कवायत. दोन शिक्षकांनीं त्या वर्गापुढें हात टेकले. तेव्हां व्यायामखात्याचे मुख्य डॉ. ल्यूथर गुलिक यांनीं तो नेस्मिथ यांच्या स्वाधीन केला आणि घरांत खेळतां येईल असा कांहीं खेळ चौदा दिवसांत शोधण्यास सांगितलें. नेस्मिथ यांनीं मैदानी खेळ थोडेबहुत बदलून आंत खेळवून पाहिले. पण कोणाचे पाय दुखावत तर कोणाचीं मनगटें. मुदत संपत आली.

मग ते शांतपणें विचार करीत बसले. खेळांत इजा कां होते? खेळाडू चेंडू घेऊन धांवतो, आणि त्यास थांबवावयाचें तर अंगावर पडून खालीं पाडावें लागतें, म्हणून. तर मग चेंडू हातीं असतां धांवूंच नये असा नियम करावा. चेंडू जोरानें कां मारतात? लक्ष्य समोर उभें असतें म्हणून. तर मग लक्ष्य आडवें करून डोक्यावर ठेवावें, म्हणजे बळ उपयोगीं न पडतां हलका हात उपयोगीं पडेल. येथेंच लहानपणच्या त्या धोंड्यावरील दगडाची त्यांस आठवण झाली. बळकटानें दुबळ्यास न दुखवितां दोघांनींही मनसोक्त खेळावें, हें ह्या खेळाचें बीज होय.

त्यांनीं इमारतीच्या रखवालदाराजवळ दोन खोकीं मागितलीं. खोकीं नव्हतीं; पीच नांवाच्या फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या दोहों बाजूंच्या सज्जांना, जमिनीपासून दहा फूट उंचीवर, खिळ्यांनीं ठोकल्या. तेरा नियम लिहून भिंतीवर लाविले. २१ डिसेंबर १८९१ रोजीं नऊ नऊ गड्यांचे दोन पक्ष करून पहिला खेळ झाला, आणि त्या सबंध खेळांत चेंडू एकदांच टोपलींत पडला. टोपलीस बूड असल्यामुळें तो काढावयास शिडी लावावी लागे. एका विद्यार्थ्यानें खेळास नेस्मिथांचेंच नांव द्यावें असें सुचविलें, तेव्हां त्यांनीं तें हंसण्यावारी नेलें. टोपली व चेंडू, म्हणून बास्केटबॉल, हेंच नांव कायम झालें. १८९२ च्या जानेवारींत शाळेच्या पत्रांत नियम छापले गेले, आणि तेथून वाय. एम. सी. ए. च्या कामकऱ्यांबरोबर हा खेळ देशोदेशीं गेला. नेस्मिथ यांनीं त्यावर आपला हक्क सांगून पैसा मिळविला नाहीं.

१८९४ सालीं त्यांचा विवाह झाला. पुढें डेन्व्हर शहरीं काम करीत असतांच त्यांनीं वैद्यकीचा अभ्यास केला व १८९८ सालीं ते डॉक्टर झाले. त्याच वर्षीं कॅन्सास विद्यापीठानें त्यांस लॉरेन्स येथें बोलाविलें. विद्यार्थ्यांची प्रार्थना चालविणें व त्यांच्या शरीराचें शिक्षण पाहणें, अशीं दोन्हीं कामें एकाच माणसावर सोंपविलीं होतीं. ज्या दोन वाटांमुळें बहिणीशीं अंतर पडलें त्या येथें एकत्र आल्या.

तेथें त्यांनीं बास्केटबॉलचा संघ उभा केला. ३ फेब्रुवारी १८९९ रोजीं पहिला सामना झाला, आणि त्यांत खेळाच्या जनकाचाच संघ ५ विरुद्ध १६ गुणांनीं हरला! नऊ हंगामांत त्यांच्या संघानें ५५ सामने जिंकिले व ६० गमाविले. त्या विद्यापीठाच्या आजवरच्या मुख्य शिक्षकांत जयांपेक्षां पराजय अधिक असलेले हे एकटेच. फॉरेस्ट ॲलन नांवाच्या त्यांच्या शिष्यास दुसऱ्या एका कॉलेजानें खेळ शिकविण्यास बोलाविलें, तेव्हां गुरुजींनीं नवल करून त्यास सांगितलें कीं, हा खेळ शिकवावयाचा नसतो, खेळावयाचा असतो.

शिष्याचें मत निराळें होतें. १९०७ च्या जानेवारींत कॅन्सास, मिसूरी, नेब्रास्का, आयोवा व सेंट लुईसचें वॉशिंग्टन विद्यापीठ ह्यांनीं मिळून मिसूरी व्हॅली नांवाचा कॉलेजांचा क्रीडासंघ स्थापिला. आतां संघांतील कॉलेजांनीं दर हिवाळ्यांत एकमेकांशीं नेमानें सामने खेळावे व शेवटीं एकानें अजिंक्यपद घ्यावें असें ठरलें. त्याच सालीं नेस्मिथ यांनीं संघाचें काम सोडलें व तें ॲलननें घेतलें. १९०७-०८ च्या पहिल्याच हंगामांत कॅन्साससंघानें एकंदर १८ सामने जिंकून ६ गमाविले आणि अजिंक्यपद मिळविलें. पुढच्या हंगामांत २५ जिंकून अवघे ३ गमाविले. ह्याच ॲलननें पुढें कॅन्सासला एकंदर ५९० विजय मिळवून दिले. गुरूनें हेवा केला नाहीं. ते विद्यार्थ्यांची प्रकृति तपाशीत राहिले, व्यायाम शिकवीत राहिले, आणि हंगामाच्या यादींत ज्यांचीं नांवें येत नाहींत अशा शेंकडों मुलांकडे लक्ष देत राहिले.

अशांपैकीं एक जॉन मॅकलेंडन. १९३३ सालीं हा कृष्णवर्णीय तरुण कॅन्सासला आला. विद्यापीठाच्या संघांत त्याच्या वर्णाच्या मुलास त्या काळीं जागा नव्हती. ही भिंत डॉ. नेस्मिथ यांस पाडतां आली नाहीं, हें खरें. परंतु त्यांनीं त्याला आपल्या देखरेखीखालीं घेऊन शिकविलें, आणि १९३६ सालीं तो पदवीधर झाला. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांचा स्वतंत्र क्रीडासंघ होता. त्याच्या हंगामाअखेरची स्पर्धा १९४६ सालीं सुरू करण्यांत मॅकलेंडन पुढें होता, आणि पहिल्या वर्षीं त्याच्याच संघानें ती जिंकली. पुढें १९५७, १९५८ व १९५९ अशीं लागोपाठ तीन वर्षें त्याचा टेनेसीचा संघ लहान कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत पहिला आला. ज्यास खेळूं दिलें नाहीं, तो शिक्षकांचा शिक्षक झाला.

वयाच्या चोपन्नाव्या वर्षाच्या सुमारास नेस्मिथ यांस प्रेस्बिटेरियन मंडळीनें पाळकपदाची दीक्षा दिली. १९१६ सालीं ते कॅन्सासच्या पलटणीबरोबर मेक्सिकोच्या सरहद्दीवर धर्मोपदेशक म्हणून गेले, आणि पहिल्या महायुद्धांत वाय. एम. सी. ए. तर्फे फ्रान्समध्यें शिपायांची सेवा करून १९१९ सालीं परतले. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलचा प्रथम समावेश झाला. तेथें जाण्याचा खर्च खेळाच्या चाहत्यांनीं वर्गणी करून उचलला. पंचाहत्तरीस आलेल्या ह्या वृद्धानें निरनिराळ्या देशांचे संघ आपापल्या निशाणांमागें चालतांना पाहिले. शेवटचा सामना उघड्या जागेवर, पावसांत व चिखलांत झाला. त्यांत अमेरिकेनें कॅनडास १९ विरुद्ध ८ गुणांनीं हरविलें. एक त्यांची कर्मभूमि व दुसरी जन्मभूमि!

२८ नोव्हेंबर १९३९ रोजीं लॉरेन्स येथें त्यांचा अंत झाला. मागें संपत्ति फारशी नव्हती. ते तेरा नियम टंकलिखित केलेले कागद २०१० सालीं लिलांवांत सुमारें ४३ लक्ष डॉलरांस विकले गेले. आपल्या देशाचेंही ह्या खेळाशीं नातें जुनें आहे. स्प्रिंगफील्डलाच शिकलेले हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रास येथें वाय. एम. सी. ए. ची शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. मुंबईंत अमेरिकन मराठी मिशननें ज्या नागपाड्यांत नेबरहुड हाउस स्थापिलें, ती गरिबांची वस्ती तर बास्केटबॉलच्या खेळाडूंसाठीं नांवाजलेली आहे.

राहिली बहिणीची गोष्ट. खेळाचें नांव सर्वत्र झाल्यावर नेस्मिथ यांनीं तिला एकदां विचारलें कीं, मीं उपदेशकाचें काम सोडलें ह्याची आतां तरी तूं क्षमा केलीस ना? तिनें नाहीं म्हणून सांगितलें, आणि नांगराला हात घालून मागें फिरल्याचा ठपका पुन्हां ठेविला. तिनें शेवटपर्यंत क्षमा केली नाहीं. भावानेंही ही गोष्ट लपविली नाहीं, किंवा तिला दोष दिला नाहीं.

प्रिय वाचकहो, ह्या दोन भावंडांत खरें कोण, हें ठरविण्यास आपण घाई करूं नये. बहिणीची निष्ठा मोलाची होती. परंतु एवढें ध्यानांत धरूं कीं, सर्व शेत मंदिराच्या भिंतींच्या आंत नसतें. आपल्या मंडळींतील एखादा तरुण उपदेशक न होतां शिक्षक, वैद्य किंवा कारागीर होऊं म्हणाला, तर त्यानें नांगर टाकला असें लागलीच म्हणूं नये. त्याचा हात कोठें आहे व दृष्टि कोणीकडे आहे हें पाहावें. ५५ जय व ६० पराजय हा हिशेब मनुष्यांनीं मांडला. तास सरळ गेलें कीं नाहीं, हें शेताचा धनी पाहील.