रोलंड वॉर्ड

जेम्स रोलंड वॉर्ड (१८४८ - २८ डिसेंबर १९१२) हे लंडनमधील ब्रिटिश चर्मपूरणतज्ज्ञ, लेखक व प्रकाशक होते. मृत प्राण्याची कातडी टिकवून तिच्या साहाय्याने त्याचे सजीव भासणारे रूप उभे करण्याच्या कलेस चर्मपूरण किंवा टॅक्सिडर्मी असे म्हणतात. या कलेबरोबरच शिकार केलेल्या प्राण्यांच्या मापांची पद्धतशीर नोंद ठेवण्यासाठी वॉर्ड ओळखले जातात.

कौटुंबिक पार्श्वभूमी

चर्मपूरण हा वॉर्ड घराण्याचा व्यवसाय होता. रोलंड यांचे वडील हेन्री वॉर्ड हे पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन यांच्या १८३१-३२ मधील फ्लोरिडा मोहिमेत चर्मपूरणकार म्हणून सहभागी झाले होते. थोरले बंधू एडविन हेही याच व्यवसायात होते. रोलंड यांनी वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडली व ते वडिलांच्या हाताखाली काम शिकू लागले.

व्यवसाय

पुढे रोलंड यांनी स्वतंत्र पेढी काढली. पिकॅडिली मार्गावरील १६६ क्रमांकाचे त्यांचे दुकान 'द जंगल' या नावाने प्रसिद्ध होते. कातडीत केवळ पेंढा भरण्याऐवजी प्राण्याच्या शरीररचनेचा अभ्यास करून आधी त्याच्या देहाचा आकार घडवावा व मग त्यावर कातडी चढवावी, यावर त्यांचा भर होता. १८८६ मध्ये लंडन येथे भरलेल्या वसाहती व भारतीय प्रदर्शनात त्यांनी हत्ती व वाघ यांसह भारतीय जंगलाचा देखावा उभारला. वॉल्टर रॉथशिल्ड यांच्या ट्रिंग येथील संग्रहालयासाठीही त्यांच्या पेढीने अनेक प्राणी तयार केले. हत्तीच्या पायांपासून मद्याच्या बाटल्या ठेवण्याचे स्टँड बनविण्यासारख्या वस्तूंनाही त्या काळी मागणी होती. अशा वस्तू 'वॉर्डियन फर्निचर' म्हणून ओळखल्या जात.

लेखन व प्रकाशन

शिकारीनंतर कातडी नीट न काढल्यास व न वाळविल्यास ती प्रवासातच कुजते. त्यामुळे दूरदेशी शिकार करणाऱ्यांसाठी वॉर्ड यांनी १८८० मध्ये 'द स्पोर्ट्समन्स हँडबुक' हे मार्गदर्शक पुस्तक लिहिले. १८९२ मध्ये त्यांनी जगभरातील मोठ्या प्राण्यांच्या शिंगांची मापे व वजने संकलित करून प्रसिद्ध केली. पुढे हा ग्रंथ 'रेकॉर्ड्स ऑफ बिग गेम' या नावाने निघू लागला. रिचर्ड लायडेकर यांचा भारत, ब्रह्मदेश व तिबेटमधील वन्य प्राण्यांवरील ग्रंथही वॉर्ड यांच्याच पेढीने १९०० मध्ये प्रकाशित केला.

वारसा

वॉर्ड यांच्या निधनानंतरही पेढी सुरू राहिली. तिचे चर्मपूरणाचे काम १९७० च्या दशकात बंद झाले. मापांच्या ग्रंथाच्या आवृत्त्या मात्र त्यानंतरही निघत राहिल्या. या ग्रंथाचे मूल्य दुहेरी आहे. सर्वांत मोठे शिंग मिळविण्याच्या शिकाऱ्यांच्या चढाओढीस त्याने प्रतिष्ठा दिली; त्याच वेळी कोणत्या प्रदेशात कोणते प्राणी आढळत व ते किती मोठे होत, याची माहितीही त्यात जतन झाली. ज्या प्रदेशांतून हे प्राणी पुढे नाहीसे झाले, तेथील पूर्वीच्या अस्तित्वाचा पुरावा अशा नोंदींत व संग्रहालयांतील नमुन्यांत उरला आहे.