ज्ञानदानाचा वटवृक्ष : कर्मवीर भाऊराव पाटील

जैन परंपरेने आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चार दाने श्रेष्ठ मानली आहेत. त्यांपैकी ज्ञानदानासाठी अवघे आयुष्य वेचणारे आणि त्या दानाचे मोल स्वतःच्या संसाराने चुकविणारे थोर पुरुष म्हणजे पद्मभूषण कर्मवीर डॉ. भाऊराव पायगोंडा पाटील.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे आजोळी झाला. घराणे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास ते उपस्थित राहिले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. आपल्याच माणसांच्या छत्राखालून बाहेर पडण्याचे दुःख त्यांना असे ऐन तारुण्यात सोसावे लागले. पुढे मात्र या दुःखाचे रूपांतर कटुतेत न होता करुणेत झाले.

भाऊराव मॅट्रिक होऊ शकले नाहीत. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी खेडोपाडी पायपीट केली. शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ अज्ञानात आहे, हे त्या भ्रमंतीत त्यांनी जवळून पाहिले. दुधगाव येथे सहकाऱ्यांसमवेत वसतिगृहाचा प्रयोग झालाच होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नामकरण झाले.

या कार्याचा खरा भार वाहिला तो त्यांच्या धर्मपत्नी सौ. लक्ष्मीबाईंनी. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या सुखवस्तू घरच्या कन्येने सर्व जातींच्या मुलांना आपल्या हाताने रांधून वाढले. मुलांच्या अन्नासाठी अंगावरील दागिने एकामागून एक गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना वसतिगृहातील धान्य संपले. मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्या माउलीने गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संस्थेचा पुढील विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. आहारदान आणि ज्ञानदान यांचा असा संगम विरळाच.

ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाटी-पुस्तक शिरले नव्हते, अशी मुले या वसतिगृहात येत. असा मुलगा शिकू लागला की त्याच्या मनाची ओढाताण सुरू होते. गावाकडे बापाला शेतात हात कमी पडतो. शहरात आपल्या बोलीची, कपड्यांची लाज वाटते. उद्या साहेब झाल्यावर आईची खरखरीत बोटेही परकी वाटू लागतात. पुस्तकांचा व फीचा खर्च दाता देऊ शकतो, परंतु या ओढाताणीवर केवळ पैशाचा उपाय चालत नाही. भाऊरावांच्या वसतिगृहात मुले एका पंगतीत जेवत, आपली कामे आपण करीत, शेतात राबत. १९४० साली सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये आणि १९४७ सालच्या छत्रपती शिवाजी कॉलेजमध्ये 'कमवा व शिका' ही योजना रुजली. तिच्यामुळे गरिबाचा मुलगा कोणाच्या उपकाराखाली दबला नाही आणि विद्येबरोबर त्याच्या हातांवरील घट्टेही टिकले. बापाच्या कष्टाशी असलेले त्याचे नाते तुटले नाही. याच छायेत वाढलेले पी. जी. पाटील विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाले. परत येऊन त्यांनी आपली विद्या रयतेच्याच कार्यास वाहिली आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरुपदही भूषविले.

१९५९ साली भारत सरकारने 'पद्मभूषण' आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट्. देऊन भाऊरावांचा गौरव केला. त्याच वर्षी ९ मे रोजी पुणे येथे त्यांची प्राणज्योत मालवली. तोवर शंभराहून अधिक माध्यमिक विद्यालये उभी राहिली होती. त्यांनी लावलेल्या वटवृक्षाच्या पारंब्या आज महाराष्ट्रभर पसरल्या आहेत.

ज्या विद्यार्थ्याला वसतिगृह सोडावे लागले, त्यानेच हजारो बालकांना वसतिगृह दिले. शिष्यवृत्तीचा धनादेश देऊन दात्याचे कर्तव्य संपत नाही. त्या मुलाला आपल्या पंगतीत मानाचे स्थान देणे, त्याच्या आईवडिलांचा सन्मान राखणे, हाही ज्ञानदानाचाच भाग होय. कर्मवीरांच्या आणि माता लक्ष्मीबाईंच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!