मलिक अंबर : जुन्नरच्या तख्तामागचा वजीर

घोडेगाव आणि जुन्नर हा मुलूख निजामशाहीचा जुना गाभा. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्तेपासून वेगळे होऊन आपले राज्य उभे केले ते जुन्नरमधूनच. कल्याण बंदराचा माल नाणेघाट चढून येथेच उतरायचा. पुढे अहमदनगर वसले, राजधानी तिकडे गेली. पण शंभरावर वर्षांनी हे राज्य बुडू लागले तेव्हा त्याने पुन्हा जुन्नरचाच आसरा घेतला. त्याला येथे घेऊन आला तो मलिक अंबर, एकेकाळी बाजारात विकला गेलेला हबशी गुलाम.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात गेला आणि अरबस्तान-बगदादच्या वाटेने अनेक हात बदलले. एका धन्याने त्याला लिहायला, हिशेब ठेवायला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. १५७० नंतर तो दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःही हबशी होता आणि गुलामीतूनच वर आलेला होता. राज्य कसे चालते, हे अंबरने त्याच्या पदरी पाहिले. धन्याच्या मृत्यूनंतर तो मोकळा झाला, काही काळ विजापूरच्या चाकरीत राहिला आणि १५९५ च्या सुमारास अहमदनगरला परतला.

१६०० मध्ये चांदबीबी गेली आणि अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतला. राज्य संपले असेच सर्वांना वाटले. अंबरने मात्र राजघराण्यातल्या एका मुलाला परांड्यात मुर्तजा निजामशहा म्हणून तख्तावर बसवले आणि स्वतः वजीर झाला. १६०७ मध्ये त्याने राजधानी जुन्नरला आणली. जुन्नरजवळच्या हापूसबागेच्या नावात हबशी हा शब्द दडला आहे, असे सांगितले जाते.

उत्तरेला बुऱ्हाणपुरात मुघलांचा तळ, दक्षिणेला विजापूरची आदिलशाही, आणि मध्ये अंबर. दख्खनचे पुढारपण कोणाकडे, हा तिघांमधला झगडा होता. मुघलांकडे माणूसबळ आणि तोफा होत्या. म्हणून अंबरने समोरासमोरची लढाई टाळली. हलके मराठा स्वार पाठवून तो शत्रूची रसद तोडायचा, चारा जाळायचा, रात्री छावणीवर छापे घालायचा. दोह्यांचा कवी म्हणून ज्याला आपण रहीम म्हणतो, तो खानखानान अब्दुर रहीम यालाही या गनिमी काव्यापुढे माघार घ्यावी लागली. १६१० मध्ये राजधानी दौलताबादला गेली आणि अंबरने जवळच खडकी शहर वसवून तेथे नहरीने पाणी आणले. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर.

लढाईला पैसा लागतो, आणि पैसा शेतातून येतो. आधी वसुली इजाऱ्याने दिली जाई आणि इजारदार रयतेला पिळून काढी. अंबरने ही पद्धत बंद केली. जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवला आणि वसुलीची जबाबदारी गावच्या पाटलाकडे सोपवली. ही मलिकंबरी धाऱ्याची पद्धत त्याच्या राज्यापेक्षा जास्त काळ टिकली. शिवाजी महाराजांनी आपली महसूल व्यवस्था बसवली, तेव्हा तिच्या मागे हाच अनुभव होता.

त्याचे सगळेच हात स्वच्छ होते, असे नाही. त्याने बसवलेल्या मुर्तजाशी बेबनाव झाला आणि १६१० मध्ये त्या सुलतानाचा विषप्रयोगाने शेवट झाला. त्यामागे अंबरच होता, असे मानले जाते. सत्ता राखण्याची किंमत त्याच्या माणसांनीही मोजली. १६१६ मध्ये मुघलांनी रोशनगावला त्याचा पराभव करून खडकी जाळली. लखुजी जाधवरावांसारखे सरदार मुघलांना मिळाले. १६२१ च्या तहात दख्खनच्या तीन राज्यांवर मिळून ५० लाख रुपयांची खंडणी बसली: अहमदनगर १२ लाख, विजापूर १८ लाख, गोवळकोंडा २० लाख.

खरा घात मात्र शेजाऱ्यांच्या आपसातल्या चुरशीने केला. एकेकाळी याच आदिलशहाने मुघलांविरुद्ध लढण्यासाठी अंबरला कंधारचा किल्ला दिला होता. पुढे सोलापूरच्या वादातून दोघे फाटले, आणि दोघेही मदतीसाठी मुघलांच्याच दारात गेले. मुघलांनी विजापूरची बाजू घेतली. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात अडकवली आणि दोन्ही फौजांचा एकत्र पराभव केला. शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी त्याच्या बाजूने लढले. शरीफजी तेथेच पडले. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. नंतर अंबरने सोलापूर घेतले आणि आदिलशहाचे लाडके नौरसपूर उद्ध्वस्त केले. जय मोठा होता, पण दोन शेजारी कायमचे दुरावले.

मे १६२६ मध्ये अंबरचे निधन झाले. हिजरी १०३५ चा शाबान महिना होता. रमजान तोंडावर आला होता. वय ऐंशीच्या जवळ. खुलताबादच्या सुफी संतांच्या सान्निध्यात त्याची कबर आहे. त्याच्यामागे निजामशाही दहा वर्षेच टिकली. १६३६ मध्ये मुघल आणि आदिलशहा यांनी ती वाटून घेतली. जुन्नर मुघलांकडे गेले, चाकण विजापूरकडे. विजापूरला ही वाटणी फायद्याची वाटली. पण मध्ये उभी असलेली भिंतच त्याने आपल्या हाताने पाडली होती. पन्नास वर्षांनी, १६८६ मध्ये, औरंगजेबाच्या फौजेपुढे विजापूर पडले, तेव्हा ती भिंत मध्ये उरली नव्हती.