डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें लुगडें

नांदेड व लातूर या बाजूच्या आपल्या गांवांत कित्येक वृद्ध बहिणी आजही नऊवारी लुगडें नेसतात, आणि त्यांच्या नाती गोल साडी किंवा पंजाबी पोशाख वापरतात. या बदलावरून घरोघरीं कुरकुर होते, व कधीं कधीं त्यापायीं मुलीची शाळाही सुटते. म्हणून ज्या बाईच्या वस्त्रांवर दोन खंडांतील लोकांनीं नजर ठेविली, तिचें चरित्र आम्ही येथें सांगतों.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. कल्याणच्या जोशी घराण्यांतील या मुलीचें माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं पोस्टखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं तिचा विवाह झाला. त्या काळीं ब्राह्मण घरांतील बायका कासोटा घालून नऊवारी लुगडें नेसत व पुढें गांठ मारलेली चोळी घालीत. बाईनें जोडा घालून रस्त्यानें चालणें लोकांस खपत नसे. गोपाळरावांनीं पत्नीस शिकविण्याचा ध्यास घेतला. मुंबईस त्या शाळेंत जाऊं लागल्या, तेव्हां लोक त्यांस हंसत, खडे मारीत, थुंकत.

चौदाव्या वर्षीं त्यांस पुत्र झाला, पण दहा दिवसांतच तो वारला. स्त्रियांसाठीं स्त्रीच डॉक्टर पाहिजे, हा निश्चय त्यांच्या मनांत तेव्हांपासून रुजला.

गोपाळरावांनीं अमेरिकन मिशनऱ्यांकडे साह्य मागितलें. धर्मांतराची गोष्ट निघाली, ती या दांपत्यानें मानिली नाहीं. पुढें तो पत्रव्यवहार छापलेला वाचून न्यू जर्सी प्रांतांतील रोसेल गांवच्या कार्पेंटरबाईंनीं कांहींएक अट न घालितां आपलें घर त्यांस खुलें केलें. १८८३ च्या फेब्रुवारींत श्रीरामपूरच्या मिशन कॉलेजांत भाषण करून आनंदीबाईंनीं सांगितलें कीं, आपण हिंदू म्हणूनच जाऊं व हिंदू म्हणूनच परत येऊं. एप्रिलांत त्या कलकत्त्याहून निघाल्या.

अमेरिकेंतील स्त्रिया तेव्हां कंबर आवळून बांधीत व पायघोळ झगे घालीत. आनंदीबाईंनीं तो वेष घेतला नाहीं. परंतु नऊवारींत पोटऱ्या उघड्या राहतात, तें त्या थंड देशांत बरें दिसेना. म्हणून त्या गुजराती पद्धतीनें साडी नेसूं लागल्या. यावरूनही गोपाळरावांनीं पत्रांतून त्यांस बोल लाविला. ज्यानें शिकविलें, त्यासही वस्त्राचा हा लहानसा बदल सोसेना!

१८८५ च्या ऑक्टोबरांत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत एक छायाचित्र घेतलें गेलें. त्यांत जपानच्या केई ओकामी किमोनोंत, सीरियाच्या साबात इस्लामबूली आपल्या देशच्या वेषांत, आणि आनंदीबाई साडींत आहेत. तिघींचीं वस्त्रें निराळीं. विद्या मात्र एकच. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंस डॉक्टरची पदवी मिळाली.

पण तेथेंच क्षयानें त्यांस गांठलें होतें. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. तें काम हातीं घेण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, त्या पुण्यास वारल्या. वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली, व त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ती विसावली आहे.

विसाव्या शतकांत गोल साडी महाराष्ट्रांत घरोघरीं पोहोंचली. आनंदीबाईंस जिच्यासाठीं बोल खावा लागला, तशी साडी नेसलेल्या बाईकडे आज कोणी वळूनही पाहात नाहीं. बंधुहो, वस्त्र बदललें, पण खडा उचलण्याची आपली संवय गेली काय? गांवची एखादी मुलगी निराळ्या पोशाखांत शाळेस निघाली, तर तिची वाट अडविणाऱ्यांत आपण असावें, कीं कार्पेंटरबाईंप्रमाणें तिला दार उघडणाऱ्यांत, याचा प्रत्येकानें विचार करावा.